तालमीत आरसा नव्हता

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या जिमना कुलपे लागली आणि ती निघायला २५ ऑक्टोबरचा दसरा उजाडावा लागला. मधल्या काळात शहरांतल्या अनेक घरांनी गॅलरी, हॉलचा कोपरा किंवा मुलगा परदेशी गेल्याने रिकामी पडलेली खोली व्यायामाला देऊन टाकली. जिम पुन्हा सुरू झाल्या तरी या खोल्या काही मोडल्या नाहीत. अशा खोलीसाठी सामानाची यादी करायला बसले की डंबेल्स, बेंच, रबरी मॅट यांच्या मागोमाग आरसा येतोच, आणि तोही शक्यतो भिंतभर. कशासाठी, असे विचारले तर उत्तर तयार असते: फॉर्म बघायला. पाठ सरळ आहे का, गुडघे आत वळतात का, दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, हे आपले आपल्याला दिसावे म्हणून. हे उत्तर खोटे नाही, पण इतिहासाच्या बाजूने पाहिले तर उलटे आहे. व्यायामाच्या खोलीत आरसा शिरला तेव्हा तो चुका दाखवायला शिरला नव्हता. शरीराने काय करून दाखवले यापेक्षा शरीर कसे दिसते याला किंमत आली होती आणि त्या नव्या किमतीला आरसा लागत होता. शिक्षकाची भूमिका त्याला पुढे चिकटली. हे ध्यानात घेतले तर घरच्या भिंतीवर आरसा केवढा आणि कुठे लावायचा, याचा विचारही थोडा वेगळ्या दिशेने जातो.

आपल्याकडची व्यायामाची जुनी बंदिस्त जागा म्हणजे तालीम. वाकून आत शिरावे लागेल असे बुटके दार, जाड भिंती, वर लहान झरोके आणि मध्ये हौदा. हौद्यातली लाल माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेले असते, आणि ती रोज खोरून मऊ करावी लागते. ते खोरणे हाच पठ्ठ्याचा पहिला व्यायाम. एका भिंतीला शेंदूर माखलेला मारुती, कोपऱ्यात करेल, जोडी, नाल. उजेड बेताचा. अशा जागेत आपण बरोबर करतो की चूक, हे पैलवानाला कळायचे कसे? हौद्याच्या काठावर बसलेला वस्ताद तर असायचाच. पण त्याच्याही आधी वस्तूच सांगायच्या. जोडी फिरवताना मनगट ढिले पडले तर ती पाठीवर आपटते. जोर काढताना छाती मातीला घासून गेली नाही तर तो जोर मोजलाच जात नाही. पट काढायला गेलेला हात समोरच्याच्या गुडघ्यामागे नेमका बसला नाही तर दुसऱ्याच क्षणी आपण खाली आणि तो वर. मल्लखांबावर पकड चुकली की माणूस घसरून खाली येतो, कुणी सांगायची गरज उरत नाही. माती, लाकूड, जोडीदाराचे अंग आणि वस्तादाचा डोळा या चौघांकडून मिळणारी साक्ष पुरेशी होती. स्वतःचे प्रतिबिंब बघण्याला या व्यवस्थेत जागाच नव्हती, कारण कुस्तीचा निकाल दिसण्यावर लागत नाही. पाठ लागली की लागली.

यावर पहिला आक्षेप सहज सुचेल: तालमीत आरसा नव्हता तो परवडत नव्हता म्हणून. गावोगावच्या तालमींपुरते हे खरेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठा आरसा ही चैनीची वस्तू होती. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर कथिल आणि पारा यांचा थर काचेमागे बसवून आरसे करत आणि ती विद्या जपून ठेवत. फ्रान्सने १६६५ मध्ये स्वतःचा सरकारी कारखाना काढला तो मुख्यतः ही मक्तेदारी मोडायला. त्यातूनच व्हर्सायच्या राजवाड्यातले ते प्रसिद्ध आरशांचे दालन १६८४ मध्ये पुरे झाले. त्या दालनात ३५७ आरसे आहेत खरे, पण एकेक कमान लहान लहान तुकडे जोडून भरलेली आहे. माणसाएवढी अखंड काच तेव्हाही सोपी नव्हती. तेव्हा गावच्या तालमीत आरसा कुठून असणार, हे कबूल. पण आक्षेप इथेच संपत नाही, कारण तालमी काही फक्त गरिबांच्या नव्हत्या. पुण्याच्या शनिवारवाड्यात जुना आरसे महाल होता, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी मल्लविद्येचे गुरू बाळंभटदादा देवधरही होते. मल्लखांबाला आजचे रूप देण्याचे श्रेय परंपरा याच बाळंभटदादांना देते. म्हणजे एकाच धन्याच्या पदरी आरसेही होते आणि मल्लविद्याही, पण आरसे राहिले महालात आणि मल्लखांब राहिला आखाड्यात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचा जुना आखाडा पाहून खासबाग मैदानाची कल्पना मनात घेतली आणि १९१२ मध्ये ते मैदान पुरे केले. हजारो लोकांना कुठूनही कुस्ती दिसावी म्हणून जमिनीला उतार देऊन ते बांधलेले आहे. दिसण्याचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्या आणि खर्चाला मागेपुढे न पाहणाऱ्या राजाने प्रेक्षकाच्या डोळ्याची सोय केली. पैलवानाने स्वतःला बघावे ही गरज त्याला भासली नाही. किमतीने आरशाची गैरहजेरी गरिबाघरी समजते, राजाघरी समजत नाही.

दुसरा आक्षेप जरा सूक्ष्म आहे. पैलवानाला शरीराचा अभिमान नव्हता असे कोण म्हणेल? तेल लावून चमकणारी पाठ, मांडीवर मारलेला शड्डू, मैदानात उतरल्यावर घेतलेली फेरी, हे सगळे दाखवणेच नव्हे काय? आहेच. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सर्कस काढली आणि त्यानंतरच्या मराठी सर्कशींतून ताकदीचे खेळ तिकीट लावून दाखवले जाऊ लागले. छातीवर दगड फोडणे, साखळी तोडणे हे त्यातलेच. पण या दाखवण्यात बघणारा नेहमी दुसरा आहे, आणि तो बघतो ती कृती. साखळी तुटली की टाळी. दंड केवढा दिसतो हा प्रश्न त्या टाळीच्या मागून येतो, पुढून नाही. आरशाने केलेला बदल असा की बघणारा आणि करणारा एकच झाला, आणि कृती नसतानाही बघता येऊ लागले.

हा बदल कुठे झाला ते बरेचसे नेमके सांगता येते. युजेन सँडो हा प्रशियातल्या क्योनिग्सबर्गमध्ये १८६७ साली जन्मलेला मल्ल. लंडनच्या रंगमंचावर तो वजने उचलून दाखवी, पण १८९३ मध्ये शिकागोत गेल्यावर लोक वजनापेक्षा त्याच्या अंगाकडेच जास्त बघतात हे त्याच्या आणि त्याच्या व्यवस्थापकाच्या लक्षात आले. मग ग्रीक पुतळ्यांसारख्या मुद्रा घेऊन उभे राहणे हाच खेळ झाला. १८९७ मध्ये त्याचे ताकद कशी कमवावी हे सांगणारे पुस्तक निघाले. त्यात हलकी डंबेल्स घ्या, मन त्या त्या स्नायूवर ठेवा, टेपने दंड-छाती मोजून नोंद करा, असा सगळा घरी करता येण्याजोगा कार्यक्रम होता. आणि त्यात एक साधा सल्ला होता: हे व्यायाम कमरेवरचे कपडे काढून आरशापुढे करा. कारणही त्याने दिले आहे. काम करणारा स्नायू डोळ्यांना दिसला, त्याची वाढ दिसत राहिली, की मदतही होते आणि आनंदही वाटतो. चूक सुधारण्याचे कारण त्यात पुढे नाही. १९०१ च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सँडोने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल होते आणि चार्ल्स लॉज हे शिल्पकार होते. शिल्पकाराला परीक्षक नेमणे यातच सगळे आले. स्पर्धकांनी काहीही उचलायचे नव्हते, कुणाला चीत करायचे नव्हते. उभे राहायचे होते.

सँडोच्या या सल्ल्याला रसायनशास्त्राने आधीच वाट करून ठेवली होती, हेही विसरू नये. युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये काचेवर चांदीचा पातळ थर रासायनिक रीतीने बसवण्याची पद्धत शोधली. पाऱ्याची वाफ हुंगून आरसेकारांचे हात थरथरत, दात पडत. ते हळूहळू थांबले आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मध्यमवर्गीयाच्या कपाटाच्या दाराला अंगभर आरसा बसू लागला. लंडनचा कारकून आपल्या खोलीत सदरा काढून आरशापुढे डंबेल्स उचलतो, हे चित्र १८३० मध्ये शक्य नव्हते, १८९७ मध्ये होते. घरच्या जिमचा मूळपुरुष शोधायचा तर तो हा कारकून. म्हणजे घर, एकटेपणा, छापील पुस्तक आणि आरसा यांचा मेळ आजच्या धर्तीच्या सार्वजनिक जिमच्याही आधीचा आहे. हल्लीच्या होम जिमला आपण नवी चाल समजतो ते तितकेसे बरोबर नाही.

सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात आला, कलकत्ता-मुंबईत त्याचे खेळ झाले. पण त्याची पुस्तके त्याच्याही आधी येऊन पोचली होती. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची साक्ष इथे मोलाची आहे. त्यांनी १८९७ मध्येच सँडोचे साहित्य आणि पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग नमस्काराचा प्रचार हेच त्यांचे व्रत झाले. संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना नमस्कार घालायला लावले, पुस्तके लिहिली, १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. भवानराव स्वतः चित्रकार होते, मानवी आकृती पाहण्याचा त्यांचा डोळा तयार होता, तेव्हा दिसण्याचे त्यांना वावडे होते असे म्हणता येत नाही. तरी त्यांनी जी पद्धत अखेर धरली तिच्यात तोंड सूर्याकडे, ओठांवर मंत्र आणि हिशेब नमस्कारांच्या संख्येचा. कपाळ आणि छाती जमिनीला लागली की नाही हे जमीन सांगते. दोन पद्धती एकाच माणसाने वर्षानुवर्षे करून पाहिल्या आणि त्यांतली आरसा न मागणारी निवडली, एवढेच मी यातून घेतो. आरशामुळेच त्यांनी सँडोला सोडले असा दावा करणे म्हणजे ताणणे होईल.

त्याच सुमारास महाराष्ट्रात तालमीशेजारी व्यायामशाळा उभ्या राहत होत्या. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले. मुंबईत शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिर आले. बडोद्यात माणिकरावांचा आखाडा होताच. या संस्थांचा भर लाठी, लेझीम, मल्लखांब, सांघिक कवायत यांवर होता. रांगेत उभे राहून शेजाऱ्याशी ठेका जुळवायचा, तिथे आरशाला काय काम? अमरावतीचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला गेले ते असेच सांघिक खेळ दाखवायला. एक गंमत अशी की स्वदेशीच्या याच लाटेत महाराष्ट्राने काचही करायला घेतली होती. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ चा, कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा त्यानंतरचा. पण त्यांनी केल्या चिमण्या, बाटल्या, कंदील. प्रभाकर कंदिलाने घराघरांत उजेड पडला. सपाट मोठी काच मात्र विलायतेची आणि बेल्जियमचीच राहिली, ती वाड्यांत, इराण्यांच्या हॉटेलांत आणि केशकर्तनालयांत दिसायची. मराठी माणसाने समोरासमोरच्या दोन आरशांत स्वतःला बघितले असेल ते बहुधा न्हाव्याच्या खुर्चीत बसून.

व्यायामाच्या सार्वजनिक जागेत आरसा पक्का झाला तो अमेरिकेत, आणि तिथेही कारण दुकानदारीचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिक टॅनी याने कॅलिफोर्नियापासून सुरुवात करून जिमची साखळी उभारली. तोवरच्या जिम म्हणजे घामाचा वास आणि गंजलेले लोखंड. टॅनीने चकचकीत क्रोम, गालिचे, रंगीत भिंती आणि आरसे आणले, कारण त्याला मल्ल नको होते. गृहिणी आणि नोकरदार हवे होते. आरशाने खोली दुप्पट दिसते, उजेड वाढतो, आणि आलेला माणूस मनातल्या मनात आपली जुनी आणि नवी आकृती ताडून पाहतो. वर्गणी चालू राहते. सौंदर्यगृह आणि कपड्यांचे दुकान यांनी आरसा ज्या कारणासाठी लावला त्याच कारणासाठी टॅनीने तो लावला, असे माझे मत आहे. दुसरीकडे शरीरसौष्ठवपटूंच्या जिममध्ये आरशाला खरेखुरे काम होते. त्यांची परीक्षाच मंचावर उभे राहून दिसण्याची. मुद्रा घेण्याचा सराव आरशाशिवाय कसा करणार? १९५१ चे मिस्टर युनिव्हर्स मनतोष रॉय, पुढच्या वर्षीचे मनोहर ऐच, १९८८ चे प्रेमचंद डेग्रा, यांच्या खेळात आरसा हे हत्यार आहे, चोचला नव्हे. या दोन वाटा, दुकानदारीची आणि सौष्ठवाची, १९७० च्या दशकात एकत्र आल्या, आणि ‘पंपिंग आयर्न’ या १९७७ च्या चित्रपटाने ते चित्र जगभर नेले.

आपल्या गावांपर्यंत भिंतभर आरसा यायला मात्र आणखी एक गोष्ट घडावी लागली. काच सपाट आणि स्वस्त व्हावी लागली. जुन्या पद्धतीने ओढून काढलेल्या काचेला लाटा असत. जुन्या सलूनच्या आरशात मान हलवली की कान लांबतो तो त्यामुळे. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून दोन्ही बाजूंनी सपाट करण्याची फ्लोट पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टनने १९५९ मध्ये जाहीर केली. भारतात असे कारखाने १९९० च्या दशकात निघाले. त्यांतला एक मुंबईजवळ तळोज्याला, एक गुजरातेत अंकलेश्वरला. त्यानंतर आठ फुटी आरसा तालुक्याच्या काचवाल्याकडे मिळू लागला. म्हणजे जिमला आरसा हवाच, ही आपल्याकडची समजूत फार तर एका पिढीची आहे. आज मारुतीच्या तसबिरीशेजारी आरसा लावलेल्या तालमीही दिसतात, आणि तिथे बहुधा हौदा मागच्या खोलीत आणि मशीन पुढच्या खोलीत असते.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. उगम कसाही असो, उपयोग तर आहे ना? घरी एकट्याने व्यायाम करणाऱ्याला वस्ताद नाही, जोडीदार नाही, माती नाही. मग आरसा हाच त्याचा वस्ताद. नर्तकांचे उदाहरणही दिले जाते. पॅरिसच्या ऑपेरातल्या नृत्यवर्गांची दगा या फ्रेंच चित्रकाराने १८७० च्या दशकात काढलेली चित्रे पाहिली तर भिंतीवर उंच आरसे आहेतच. पण त्याच चित्रांत काठी टेकवून उभा असलेला गुरूही आहे, आणि तो आरशाकडे बघत नाही, मुलीकडे बघतो आहे. शिवाय नर्तिकेची कला प्रेक्षकाला समोरून दिसण्याची आहे, म्हणून समोरचा आरसा तिला खरे सांगतो. स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट करणाऱ्याचे तसे नाही. पाठीचा कणा वाकतो आहे का, कंबर किती खाली गेली, बार पायाच्या मध्यावरून सरळ वर जातो आहे का, हे सगळे बाजूने दिसते. समोरच्या आरशात यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. दिसतात ते गुडघे आणि खांद्यांची पातळी. आणि बाजूच्या आरशात बघायला मान वळवावी तर पाठीवर भार असताना मान वळवणे हीच चूक. म्हणजे ज्या व्यायामांत दुखापतीची भीती जास्त, तिथेच हा वस्ताद आंधळा आहे.

हालचाली शिकण्यावरचे संशोधनही इथे विचारात घ्यावे लागते. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून अनेक प्रयोगांत दाखवले की शिकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या हातापायांवर असण्यापेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामावर, म्हणजे बारवर, चेंडूवर, जमिनीवर असले तर कौशल्य चांगले येते. आपल्या तालमीची सगळी मांडणी याच तत्त्वावर होती, कुणी तत्त्व म्हणून सांगितले नसले तरी. उलट सँडोचेही अगदीच चुकले नव्हते: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दंडाचा व्यायाम करताना स्नायूवर मन ठेवणाऱ्यांचा दंड अधिक वाढल्याचे आढळले. त्या प्रयोगात आरशाची परीक्षा नव्हती, पण लक्ष स्नायूवर नेणे हे तर सँडोच्या आरशाचे कामच होते. तेव्हा स्नायू वाढवायचा असेल तर आरसा कदाचित कामाचा, हालचाल शिकायची असेल तर बेताचा, असा निवाडा मी करीन. नवशिक्यांच्या बाबतीत एक तोटाही नोंदलेला आहे. कॅनडात २००३ मध्ये व्यायामाची सवय नसलेल्या स्त्रियांना वीस मिनिटे सायकल मारायला लावली. आरशासमोर व्यायाम केलेल्यांना नंतर, आरसा नसलेल्या खोलीतल्यांच्या मानाने, कमी ताजेतवाने वाटले. नियमित व्यायाम करणाऱ्यांना हे लागू पडेलच असे नाही, हे खरे. पण घरी नवा आरसा बसवणारे बहुतेक जण नवशिकेच असतात.

यावर कुणी म्हणेल की हा सगळा आरशावरचा राग आहे, जुन्या वळणाच्या माणसाला पोरांनी आरशात बघितलेले खपत नाही त्यातला. तसे नाही. स्वतःच्या अंगाकडे कौतुकाने बघण्यात गैर काही नाही, आणि त्या कौतुकापायी कुणी वर्षभर व्यायाम टिकवला तर आरशाचे पैसे वसूल. फक्त ते कौतुक आहे हे मान्य करावे आणि त्याला सुरक्षिततेचे नाव देऊन भिंतभर काच विकत घेऊ नये. गरजेपुरता आरसा किती, हे तर शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातच आहे. पूर्ण अंग दिसायला आरसा आपल्या उंचीच्या निम्मा पुरतो, मग तुम्ही जवळ उभे राहा की लांब. आणि त्याची खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर असली की पावले दिसतात. पाच फूट आठ इंचांच्या माणसाचे डोळे साधारण चौसष्ट इंचांवर, म्हणजे उभ्याने कड बत्तीस इंचांवर चालते. बैठकीत खाली गेल्यावर डोळे चाळीस इंचांच्या आसपास येतात, तेव्हा कड वीस इंचांवर हवी. योगायोग असा की बारबेलच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर, म्हणजे पावणेअठरा इंच. भिंतीपाशी घरंगळत गेलेली प्लेट वीस इंचांवरच्या काचेला लागत नाही. जमिनीपासून छतापर्यंत आरसा लावणाऱ्याने खालचे वीस इंच निव्वळ फुटण्यासाठी विकत घेतलेले असतात.

तेव्हा घरी लावायचाच असेल तर एकच आरसा लावा, डंबेल्स जिथे उचलता त्या समोरच्या भिंतीवर, सहा फूट उंच आणि चार फूट रुंद पुष्कळ झाला. जाडी सहा मिलिमीटर घ्या. चार मिलिमीटरच्या पातळ काचेला ओबडधोबड गिलाव्यावर बाक येतो आणि तोच बाक तुम्हाला तुमच्या खांद्यात दिसतो. मागून सुरक्षा फिल्म लावून घ्या, म्हणजे फुटली तरी तुकडे चिकटून राहतात. टफन्ड काच हवी असेल तर माप आधीच पक्के सांगा, कारण ती एकदा तापवून कडक केली की कापता येत नाही. काचवाला चिकटवायला सिलिकॉन आणेल तेव्हा नळीवर न्यूट्रल लिहिले आहे का बघा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मागची चांदी खाते. कोकणात आणि मुंबईत भिंतीला ओल असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर कडेने काळे डाग आत सरकत येतात. आणि नुसत्या चिकटवण्यावर विसंबू नका, खाली अॅल्युमिनियमचे चॅनल घ्या, कारण एवढ्या आरशाचे वजन तेहतीस किलोंच्या आसपास भरते. स्क्वॉट आणि डेडलिफ्टसाठी आरशाकडे पाठ किंवा कोरी भिंत समोर असलेली बरी; मोबाइल बाजूला स्टुलावर उभा करून एक सेट चित्रित करा, बार खाली ठेवल्यावर पाहा, आणि जमले तर महिन्यातून एकदा ते जाणत्या प्रशिक्षकाला दाखवा.